मागणी एकमतानं फेटाळली

आमच्या आक्काचं लग्न एका पंख्यावरून मोडायला आलं होतं. पंखा आमचा नव्हता आणि पाहुण्यांचाही नव्हता. खरं म्हणजे तो पंखा कुठं अस्तित्वातच नव्हता.

तो होता 'आवक-जावक' या मोबाइलवर बघायच्या विनोदी मालिकेत. मालिका एका जलमापन कार्यालयाची. तिथं पाणी मोजताना कधी कुणी दिसत नाही, पण टेबलं, फायली आणि भांडणं भरपूर. एक साहेब (त्यांना नाव नाही, कुणाला गरजही वाटली नाही), सुलू नावाची एक तडफदार क्लार्क आणि बाकीचे घामाघूम कर्मचारी. मालिका संपली तरी आम्ही तिच्यातून बाहेर आलो नव्हतो. दुपारी जेवणं झाली की आई भांडी आवरता आवरता सुलूचं वाक्य पुटपुटायची, पप्पा डोळे मिटून साहेबांसारखं खोकायचे, आणि मला वाटायचं, आमच्या घराच्या मागच्या भिंतीपलीकडं ते कार्यालय खरंच आहे. आपण उठून गेलो तर आत्ता जेवणाची सुट्टी चालू असेल.

आता माझ्याबद्दल थोडं. पप्पा फाउंड्रीत कामाला, आणि युनियनची पत्रकं लिहायचं काम त्यांच्याकडं. त्यामुळं बाकीची पोरं बडबडगीतांवर वाढली तशी मी पत्रकांवर वाढले. फडताळात पत्रकं अंथरलेली, वह्यांना पत्रकांची कव्हरं, होड्या पत्रकांच्या. झोपवतानाही पप्पा ताजं पत्रकच वाचून दाखवायचे. 'कामगार बंधूंनो आणि भगिनींनो' एवढं ऐकलं की माझे डोळे जड व्हायचे. अजूनही एखाद्या सभेत हे शब्द कानावर आले की मला गोड गुंगी येते, आणि गुंगीत मी बिंदू चौकात ट्रकवर उभी राहून भाषण करत असते. खाली समुद्रासारखी माणसं. कोल्हापुरात समुद्र नाही, पण स्वप्नात तेवढं चालतं.

शाळेत 'गाय' या विषयावरचा निबंध मी 'गाईच्या प्रश्नांकडे असेच दुर्लक्ष झाल्यास होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील' असा संपवला होता. बाईंनी पप्पांना बोलावून घेतलं. पप्पांनी निबंध शेवटपर्यंत वाचला, 'परिणामांस'वरचा अनुस्वार तपासला आणि म्हणाले, "बरोबर हाय की."

अशा घरात आमची आक्का, म्हणजे करुणा, कशी जन्मली कुणास ठाऊक. ती हळू बोलते. तिनं सुजय कांबळे नावाचा मुलगा पसंत केला तोही हळूच. तो तिच्याच बँकेत, पलीकडच्या टेबलावर. त्याच्या घरचे कागलहून रविवारी येणार असं ठरलं, तेव्हा आक्कानं आम्हाला जमिनीवर ओळीनं बसवलं.

"पप्पा, रविवारी युनियन न्हाय, बोनस न्हाय, ले-ऑफ न्हाय. सुजयचे वडील पंचतारांकित एमआयडीसीत टाइम ऑफिसात हायत."

पप्पांचा चेहरा पडला. टाइम ऑफिस म्हणजे कारखान्याच्या गेटावरची ती खिडकी. तुम्ही जरा उशिरा आलात की तिथं तुमचा पगार कापायची सोय होते.

"खिडकीतला माणूस? आपल्यात?"

"साहेब हायत ते तिथं."

"मग तर..."

"अवो, गप बसा की," आई म्हणाली.

"आणि प्रज्ञा, तू," आक्का माझ्याकडं वळली. "तू कशाबद्दलच बोलायचं न्हाय."

"मग मी काय करू?"

"चहा दे."

"हा मुस्कटदाबीचा प्रकार आहे," मी म्हणाले. (खरं तर 'मी म्हणालो'. कोल्हापुरात आम्ही पोरी 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतो. लिहिताना मात्र शाळेतल्या बाई आठवतात.)

शेवटी तह झाला. बोलायचंच असेल तर 'आवक-जावक'वर बोलायचं. कांबळ्यांकडं सगळे ती मालिका बघत होते. जगात याहून निरुपद्रवी विषय नाही, असं आक्काचं मत पडलं. आक्का शहाणी आहे, पण माणसावर विश्वास ठेवते.

रविवारी दुपारी पाहुणे आले. सुजय, त्याचे आईवडील आणि हातकणंगल्याचे मामा. मामा म्हणजे सुजयच्या आईचे थोरले भाऊ. त्यांच्या होकाराशिवाय त्या घरात कुकरची शिट्टीसुद्धा होत नाही. ते खुर्चीत बसले, पाणी प्यायले, घसा साफ केला आणि म्हणाले, "तर पावणं, आमी तुमच्या करुणाला मागणी घालाय आलाव. द्येणं-घेणं काय न्हाय. पोरगी द्या, बास."

पप्पांचे डोळे भरून आले. ते काहीतरी बोलणार, तेवढ्यात बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न दाबून धरला. मामांची गाडी बोळात आडवी लागली होती. "चहा होईस्तवर गाडी लावून येतो. आल्यावर सांगा काय त्ये," असं म्हणून मामा बाहेर गेले. मागणी तशीच हवेत राहिली.

उन्हं पडद्यातून गाळून येत होती. आमचा छताचा पंखा त्याच्या नेहमीच्या पेंगुळल्या चालीनं फिरत होता. मामा येईपर्यंत वेळ काढावा म्हणून सुजयचे वडील हसून म्हणाले, "सुलूचा त्यो शेवट बघितलासा का? प्रमोशन झाल्यावरचा?"

आक्कानं माझ्याकडं बघितलं. मी ट्रेकडं बघितलं.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. सुलू सगळी मालिका कर्मचाऱ्यांसाठी भांडते. शेवटी तिला बढती मिळते, साहेबांच्या केबिनबाहेरची खुर्ची मिळते. तिचेच जुने सोबती अर्ज घेऊन दाराशी येतात, आणि सुलू मान वर न करता म्हणते, "साहेब मीटिंगमध्ये आहेत. उद्या या."

"सगळ्यात भारी सीन त्योच," सुजयचे वडील म्हणाले. "मी तर उठून टाळ्या वाजवल्या."

"सगळ्यात वाईट," माझ्या तोंडून निघून गेलं. "सुलू असं म्हणूच शकत नाही. ही सुलूची बदनामी आहे."

"प्रज्ञा, चहा," आक्का म्हणाली.

"खुर्ची असतीच तशी, बाळ," कांबळेकाका शांतपणे म्हणाले. "मी त्या खिडकीत जन्म काढला. आत बसलं की भायेरची माणसं बारीक दिसाय लागत्यात."

"तत्त्वाचा माणूस मेला तरी हे वाक्य म्हणणार नाही."

"बघू की."

"बघा की."

पप्पांनी आता हळूच मान पुढं काढली. "सायेब, माफ करा, पण खरा सीन पंख्याचा."

आता पंखा. कार्यालयात उकाडा. साहेबांच्या केबिनमध्ये दोन पंखे, बाहेर एकही नाही. कर्मचारी पंख्याची मागणी करतात. साहेब ती फेटाळतात. मग सगळे कर्मचारी आपापल्या फायली उचलून साहेबांच्या केबिनमध्ये येऊन कामाला बसतात. एवढी गर्दी होते की शेवटी साहेबच बाहेर येऊन घाम पुसत उभे राहतात.

"आत शिरत्यात त्यो क्षण," पप्पा म्हणाले. "अंगावर काटा येतो."

"छे, सायेब 'न्हाय' म्हणत्यात त्यो क्षण," काका म्हणाले. "काय ती नजर. काय ती पेनाची टोपी लावायची पद्धत."

"न्हाय म्हणणं म्हंजी दडपशाही."

"न्हाय म्हणायला बी कलेजा लागतो, पावणं."

दोघांचे आवाज हळूहळू चढू लागले. पप्पांच्या तोंडात 'बोनस' हा शब्द तयार होताना मला स्पष्ट दिसला. आक्का पांढरी पडली होती. आणि मला नेमकी तेव्हाच ती गुंगी आली. पंख्याची घरघर लांब गेली, पडदा निशाणासारखा फुगला, आणि पुढं काय करायचं ते मला लख्ख दिसलं.

आमच्या घरात वाद झाला की ठराव मांडतात. सूचक, अनुमोदक, हात वर. भाजी कुठली करायची हेसुद्धा आमच्याकडं बहुमतानं ठरतं. (आई विरोधात मत नोंदवते आणि तिला हवी तीच भाजी करते.) मी कोपऱ्यातल्या वेताच्या मोड्यावर चढले.

"सभागृहानं शांत राहावं. दोन्ही बाजू बरोबर आहेत. साहेबांनी मागणी फेटाळली नसती तर आंदोलन झालंच नसतं. म्हणून मागणी फेटाळली, हाच सर्वोत्तम क्षण. सूचक मी."

काका विचारात पडले. पप्पा विचारात पडले. मग दोघांच्याही चेहऱ्यावर एकदम उजेड पडला, कारण दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटलं.

"अनुमोदन," सुजय म्हणाला. बिचाऱ्याला वाटलं, सासरी छाप पडेल.

"हात वर!"

सगळ्यांचे हात वर गेले. पप्पांचा, आईचा, काकांचा, काकूंचा, सुजयचा. आक्कानंही सुटकेचा श्वास टाकत हात वर केला.

"मागणी फेटाळली," मी डोळे मिटून, ट्रकवरच्या आवाजात जाहीर केलं. "एकमतानं!"

डोळे उघडले तेव्हा दारात मामा उभे होते.

त्यांनी एकेका हाताकडं बघितलं. सुजयच्या हातावर त्यांची नजर जरा जास्त वेळ थांबली. मग ते वळले, चपला घातल्या आणि गेले. मोठ्या कष्टानं लावलेली गाडी निघून गेल्याचा आवाज आला तेव्हा कुठं आम्हाला कळलं, की कुठल्या मागणीबद्दल बोलतोय हे मामांना माहीतच नव्हतं. कारण आख्ख्या जिल्ह्यात 'आवक-जावक' न बघितलेला तो एकच माणूस होता.

पाहुण्यांना रिक्षानं स्टँडवर जावं लागलं.

संध्याकाळपर्यंत बातमी पार राधानगरीच्या नातेवाइकांपर्यंत पोचली. पोरीकडच्यांनी हात वर करून नकार दिला, वर सुजयनंही नकाराच्या बाजूनं मत टाकलं, असं मामांनी सगळ्या नात्यात सांगितलं. काकांनी फोनवर समजावून बघितलं. "मालिका? कसली मालिका? मी माज्या डोळ्यांनी बघितलंय. मोड्यावर चढून ओरडत हुती ती पोरगी."

आता माझं कर्तव्य होतं. लोकांमध्ये गैरसमज पसरला तर काय करायचं, हे मला पाळण्यापासून शिकवलेलं. मी मामांना मोबाइलवर मजकूर पाठवला:

'जाहीर खुलासा. रविवारी फेटाळण्यात आलेली मागणी आपली नसून कर्मचाऱ्यांची होती. कर्मचाऱ्यांच्या सर्व मागण्या न्याय्य असून त्या मान्य झाल्याशिवाय आम्ही मागे हटणार नाही. कोणत्याही दडपणाला आम्ही भीक घालत नाही. आपली नम्र, प्रज्ञा.'

पप्पांना दाखवलं. त्यांनी अनुस्वार तपासले. "बरोबर हाय की."

उत्तर सुजयमार्फत आलं, आक्काच्या फोनवर. आक्कानं ते कोरड्या आवाजात वाचून दाखवलं. "मामा म्हणत्यात, आमी द्येणं-घेणं न्हाय म्हणालो तरी पोरीकडच्यांच्या मागण्या हायत. किती हायत त्ये बी सांगंनात. आणि आमच्या बँकेतल्या पोराला कर्मचारी म्हणत्यात."

हुंड्याविरुद्ध मी किती लिहिलंय ते आमच्या गल्लीतल्या भिंतींना विचारा. आणि आता हातकणंगले तालुक्यात, मुलाकडच्यांकडं मागण्या करणारं पहिलं मुलीकडचं घर म्हणून आमचं नाव झालं होतं.

"मी दुसरा खुलासा..." मी म्हणाले.

"तू लिवलंस तर मी घर सोडून जातो," आक्का म्हणाली. ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतरचे दिवस पाण्याखाली असल्यासारखे गेले. आक्का बँकेत जायची, यायची, आणि कॉटवर आडवी पडून फिरणाऱ्या पंख्याकडं बघत राहायची. सुजय पलीकडच्या टेबलावर होताच, पण मामांचा होकार येईपर्यंत काय बोलायचं ते दोघांनाही कळत नव्हतं. पप्पा खोकणं विसरले. आईनं भाजी काय करायची हे विचारणंच बंद केलं, आणि लोकशाही नसलेल्या त्या घरात आम्ही गुपचूप दोडका खाल्ला.

एका संध्याकाळी मी आक्काला ओढून रंकाळ्यावर नेलं. वारं सुटलं होतं. पाण्यावर दिवे लांब लांब होऊन हलत होते. भेळ घेतली, पण पुडी तिनं नुसती हातात धरून ठेवली.

"तुला म्हाइताय, मला त्यातलं काय आवडतंय?" ती एकदम म्हणाली. "पंख्याच्याच सीनमधी. सगळी आत शिरत्यात न्हवं, तवा पार मागं दोन क्लार्क बसल्यात. त्यांना नाव बी न्हाय. पंख्यानं कागद उडाय लागत्यात. तर त्यो आपलं पेपरवेट उचलून तिच्या कागदांवर ठेवतो. त्येचे सगळे उडून जात्यात. त्यो नुसता बघत बसतोय."

मी ती मालिका पुन्हा पुन्हा बघितली होती. मला ते दोघं कधी दिसले नव्हते. मी कायम पुढं, घोषणा चालू असतात तिकडंच बघत होते.

"सुजयनं दाखवलं मला," आक्का म्हणाली. "बँकेत, डबा खाताना. त्येला बी त्येच आवडतंय. तवाच मी ठरवलं."

वाऱ्यानं तिच्या पुडीतले चुरमुरे उडाले. मी पुडीवर हात ठेवला. तेवढंच सुचलं.

घरी येताना तिचा फोन वाजला. सुजयचा निरोप होता. काकांनी शेवटी मामांना कागलला बोलावून घेतलं होतं, सोफ्यावर बसवलं होतं आणि 'आवक-जावक' पहिल्या भागापासून लावून दिली होती. मामा आधी नको म्हणाले. मग म्हणाले, थोडीच बघतो. आता जेवायला उठत नव्हते.

पुढच्या रविवारी सकाळी दारावर टकटक झाली. मी दार उघडलं.

आमच्या पायऱ्यांवर माणसं बसली होती. मांडी घालून, शिस्तीत, ओळीनं. सगळ्यात पुढं मामा. मागं काका आणि काकू. आणि शेवटच्या पायरीवर सुजय, मांडीवर टेबल फॅन घेऊन. त्याच्या शर्टाचा खिसा कशानं तरी खाली ओढला गेला होता. नीट बघितलं तर आत काचेचं पेपरवेट होतं. कोवळं ऊन होतं. गल्लीतली माणसं दुधाच्या पिशव्या हातात धरून थांबली होती. क्षणभर वाटलं, मी अजून झोपेतच आहे, आणि आता कुणीतरी 'बंधूंनो आणि भगिनींनो' म्हणणार.

"मागणी मान्य झाल्याबिगर आमी हितनं उठत न्हाय," मामा गंभीरपणे म्हणाले. त्यांचा आवाज सुलूच्या आवाजाच्या जवळपास जात होता. "पंखा बी आणलाय. उकडू दे कितीबी. तुजे वडील हायत का?"

आयुष्यभर मी ज्या आंदोलनाची वाट बघितली ते आमच्याच दारात येऊन बसलं होतं. फक्त मी दाराच्या चुकीच्या बाजूला होते.

आत पप्पा अर्धी दाढी करून उभे होते, एका गालावर फेस. आई त्यांना शर्ट शोधून देत होती. आक्का खिडकीच्या पडद्याआड, सुजयच्या खिशाकडं बघून तोंडावर हात दाबून हसत होती. तिघं मिळून मला खुणा करत होते, की थांबव, थांबव, दोन मिनिटं थांबव. माझ्या डोक्यात धुकं पसरलं. बिंदू चौक, ट्रक, समुद्र, सगळं एकात एक मिसळलं. काहीतरी बोलणं भाग होतं. मी मामांकडं बघितलं, आणि खरं सांगते, ते मला जरा बारीक दिसले.

"साहेब मीटिंगमध्ये आहेत," मी म्हणाले. "उद्या या."

मग मागच्या पायरीवरून कांबळेकाका उठले आणि त्यांनी एकट्यानं, सावकाश, टाळ्या वाजवल्या.

मागणी त्याच सकाळी मान्य झाली, अर्ध्या दाढीनिशी. लग्नात सुजयच्या बाजूची सगळी माणसं मला 'साहेब' म्हणत होती. काका तर भेटेल त्याला सांगत होते, की खुर्ची माणसाला कशी बदलते ते या पोरीनं दाखवून दिलं.

पण हे साफ खोटं आहे, आणि मी त्याचा इथं जाहीर निषेध करते. मला कुणी खुर्ची दिलीच नव्हती. मी नुसती उंबऱ्यावर उभी होते.